पेवाचा तळ

रामलिंगअप्पांच्या घरात नियम फारसे नव्हते. एकुलती एक लेक पुण्यात राहते, कॉम्प्युटरवर खेळ बनवून पोट भरते आणि लग्नाचा विषय काढला की फोन ठेवून देते, हे सगळं त्यांनी कुरकुर न करता पचवलं होतं. नियम एकच, आणि तो काळ्या दगडावरची रेघ: शेतातल्या पेवाचा तळ दिसू द्यायचा नाही. पेव म्हणजे ज्वारी साठवायची जमिनीतली खोल जागा, तोंडावर शिळा. ज्वारी वरवरची काढायची, नवी आली की वरून ओतायची, पण खालचा थर हलवायचा नाही, आणि आत उतरायचं तर फक्त अप्पांनी. तळ दिसला की बरकत जाते, म्हणायचे. आता असलं काहीबाही कोणत्या घरात म्हणत नाहीत? पिठाचा डबा खरवडू नये, कणगी झाडून घेऊ नये. त्यामुळे कोणाला त्यात वावगं वाटलं नव्हतं.

वावगं वाटायला हवं होतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. चाकूरकडच्या त्या भागात आता पेवं कोण खणतो? घरोघरी पत्र्याच्या कोठ्या आल्या. आणि अप्पांनी तीन वर्षांपूर्वी उदगीरकडचे गवंडी आणून, स्वतः उन्हात उभं राहून नवंकोरं पेव बांधून घेतलं. गाव हसलं. म्हातारपणी माणसाला एकेक छंद लागतो, असं म्हणून विसरूनही गेलं.

तिकडे लेकीचं, तनुजाचं, घोडं पुण्यात अडलं होतं. कंपनीत लागल्यापासून ती दुसऱ्यांच्या खेळात दारं-खिडक्या बसवत आली होती. आता कुठे तिला स्वतःची म्हणावी अशी पहिली लेव्हल मिळाली होती. जमिनीखालचं एक ओसाड गाव, खेळणारा एकेक जिना उतरत जातो आणि शेवटी एका खोलीत पोचतो. ती शेवटची खोली कशी असावी, तेच तिला सुचत नव्हतं. म्हणून जागा बघायला रजा काढून ती गावी आली. कंधारचा किल्ला पाहिला, उदगीरचा पाहिला, औशाचा पाहिला. खंदक, बुरूज, कमानी, वटवाघळांची भुयारं, सगळ्याचे फोटो काढले आणि रोज संध्याकाळी महांतेशसरांना पाठवले.

महांतेशसर तिचे साहेब. माणूस वाईट नव्हता, पण खुर्चीत बसून दुसऱ्याला चालायला लावणाऱ्यांची एक जात असते, त्यातला होता. "छान आहेत," ते फोनवर म्हणाले, "पण किल्ला सगळेच करतात. बुरूज दिसला की खेळणाऱ्याला पुढचं वळण आधीच कळतं. मला अशी खोली दे की ही कोणी, कशासाठी बांधली असेल, तेच कळू नये. या आठवड्यात जमलं तर बघ. नाहीतर लेव्हल दुसऱ्या कोणाला तरी द्यावी लागेल."

दुसऱ्या दिवशी आई-अप्पा धर्माबादला लग्नाला गेले. तनुजा एकटीच ओसरीवर भाकरी खात बसली होती, आणि घास हातातच राहिला. काखेत कळसा अन् गावाला वळसा! जमिनीखालची खोली तिच्या स्वतःच्या शेतात होती आणि ती एस.टी.चे धक्के खात किल्ले पालथे घालत होती.

सटवाजी त्यांचा जुना सालगडी. तिने त्याला पेव पूर्ण रिकामं करायचं सांगितलं तेव्हा तो आधी तयारच होईना.

"मालकाला इचारलं का?"

"मी सांगते ना अप्पांना."

"तळ काढायचा न्हाई म्हनतेत ते. मला आत उतरू देत न्हाईत कधी."

"तुम्ही उतरूच नका, सटवाजीमामा. मी उतरते, तुम्ही वरून ओढा. फोटो झाले की परत भरू. अप्पा यायच्या आत."

बोलून बोलून तिने त्याला घोळात घेतलंच. शिळा बाजूला झाली. कोंडलेली हवा जावी म्हणून सटवाजीने बराच वेळ तोंड उघडं ठेवलं, मग दोरीने कंदील खाली सोडला, ज्योत तेवत राहिली तेव्हाच तिला उतरू दिलं. ती घमेली भरत गेली, तो ओढत गेला, वर ताडपत्रीवर ज्वारीचा ढीग वाढत गेला. दुपारी कधीतरी तिचं घमेलं दगडावर घासलं.

ती पायरी होती. पेवाला पायऱ्या नसतात. तिने हाताने ज्वारी बाजूला सारली, तर तिच्याखाली अजून पायऱ्या. सगळा तळ मोकळा झाला तेव्हा ती कंदील वर धरून नुसती बघत राहिली. गावातली जुनी पेवं तिने पाहिली होती, पोटात फुगलेली आणि गळ्यात अरुंद. ही चौकोनी खोली होती. भिंती चुन्याने गुळगुळीत केलेल्या, आणि समोरच्या भिंतीत एक मोठा कोनाडा, वर कमान, खाली घोटलेली दगडी बैठक. दिवा ठेवायला फार मोठा, माणूस उभा राहायला फार छोटा. कोणी, कशासाठी बांधला असेल, तेच कळत नव्हतं.

"काय हाय गं तिथं?" सटवाजी वरून ओरडला.

"सोनं आहे, मामा," ती म्हणाली, आणि तिला ते खरंच वाटत होतं.

तिने फोन फिरवून फिरवून खोलीचा कोपरान् कोपरा टिपला. माप कळावं म्हणून फोन पायरीवर ठेवला आणि स्वतः कोनाड्यात मांडी घालून बसली. पाठ भिंतीला बरोब्बर टेकली, डोकं कमानीखाली बरोब्बर आलं. तो फोटोही तिने सरांना पाठवला. संध्याकाळच्या आत खोली जशीच्या तशी लॅपटॉपवर उभी राहिली, आणि सरांचा फोन आला. इतकं भरभरून बोलताना तिने त्यांना कधी ऐकलं नव्हतं. लेव्हल तुझीच, म्हणाले. त्या कोनाड्यात शेवटचा राक्षस बसव, खेळणाऱ्याने त्याला तिथंच लोळवायचं, म्हणाले. तिने राक्षसही बसवला. आनंदाच्या भरात पेव परत भरायचं राहून गेलं. आई-अप्पा उद्या येणार, उद्या भरू, असं तिने सटवाजीला सांगितलं.

ते दुसऱ्या दिवशी दुपारीच आले. लग्नाच्या जेवणाने अप्पा खुशीत होते, आईने, उमाबाईंनी, पिशवीतून लाडू काढले. तनुजाने त्यांना पाणी दिलं, आणि तिला राहवेना. लॅपटॉप उघडून तिने राक्षसाला तेवढं लपवलं आणि खोली दाखवली.

"अगंबाई," उमाबाई म्हणाल्या, "कुठलं देऊळ म्हनायचं हे?"

"ओळखा बरं, अप्पा."

अप्पा पाण्याचा तांब्या हातात धरून पुढे वाकले. नजर बारीक करून बघत राहिले. त्यांना पडद्यावर नीट दिसत नसेल असं वाटून तनुजाने फोनवरचा फोटो काढला आणि त्यांच्यासमोर धरला. "हे बघा खरं. आपलं पेव आहे. आणि ही मी."

तांब्या हातातून निसटला नाही, पण अप्पांनी तो जिथे ठेवला तिथे स्टूल नव्हतं. पाणी ओसरीभर झालं. त्यांच्या चेहऱ्यावरचं रक्त कुठे गेलं कोणास ठाऊक.

"तळ काढलीस?"

"परत भरणारच आहे, अप्पा. आजच—"

"आन बसलीस? आत बसलीस तू?"

"मापासाठी. काय झालं?"

अप्पा खांबाला धरून हळूहळू खाली बसले. "ते पेव न्हाई," ते म्हणाले. "ती माझी जागा हाय."

"कसली जागा?" उमाबाईंनी विचारलं.

"बसायची."

कोणाला काही कळायला थोडा वेळ लागला, आणि मग एकदम सगळंच कळलं. हे घर लिंगायतांचं. त्यांच्यात माणूस गेला की जाळत नाहीत. मांडी घालून, डाव्या तळहातावर गळ्यातलं लिंग ठेवून, जमिनीखालच्या कोनाड्यात बसवतात आणि वरून विभूती, बेल आणि माती लोटतात. तनुजाने समाध्या पाहिल्या होत्या त्या वरून, नुसते ओटे. त्यांच्या गावात बायका त्या वेळी तिथवर जात नाहीत. आत काय असतं ते तिने जन्मात पाहिलं नव्हतं. काल पाहिलं. पाहिलं, मोजलं, त्यात बसली, आणि ज्या साहेबाला अप्पांनी कधी बघितलंही नव्हतं त्याला फोटो पाठवला.

उमाबाईंना आधी वेगळाच धक्का बसला. "म्हंजी मी तीन वर्सं ह्यातली ज्वारी दळून राहिले?" त्या उठूनच उभ्या राहिल्या. "ह्याच्या भाकरी थापल्या? पूजेला येनाऱ्या जंगमाला शिधा दिला ह्यातला? तुमी जिते असताना तुमच्या समाधीतलं खाऊ घातलं मला?"

"ज्वारीला काय कळतंय," अप्पा म्हणाले.

"मला कळतंय की!"

तनुजाला पुण्याला नेलेलं ज्वारीचं पीठ आठवलं. खोलीतल्या मैत्रिणी बोटं चाटत खायच्या. तिला हसू आलं, रडू आलं, आणि कशालाच वाट मिळेना.

"पण का, अप्पा? तुम्हाला काही झालंय का?"

"मला काय धाड भरलीय? तुझ्या काकाला झालं ते बघितलं मी."

महादेवप्पाकाका पुण्यात वारले होते. मुलांनी घाई केली, गावी न्यायला कोण थांबणार म्हणाले, आणि विद्युतदाहिनीत सगळं उरकून टाकलं. तनुजा तिथं होती. ती काही बोलली नव्हती. तिला तेव्हा त्यात बोलण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. अप्पा पहिल्या गाडीने आले तेव्हा त्यांच्या हातात एक गाडगं देण्यात आलं.

"भावाला बसवायला आलो होतो मी," अप्पा म्हणाले. "राख दिली माझ्या हातात. तू बी तिथंच उभी होतीस. तवाच ठरवलं, आपला इंतजाम आपुन करावा. पोरांचा भरोसा न्हाई."

हे त्यांनी रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ते आज बाजार कोणत्या भावाने निघाला हे सांगावं तसं बोलले. तनुजाला थोबाडीत बसल्यासारखं झालं. तीन वर्षं हा माणूस तिच्याशी फोनवर पाऊसपाण्याच्या गप्पा मारत होता आणि मनात हे होतं.

"आन मग ज्वारी कशाला भरलीत?" उमाबाईंनी विचारलं.

"मोकळी ठेवली की जागा मानूस मागते. जुनी मानसं म्हनायची. म्हनून भरून ठेवली. तळ दिसू द्यायचा न्हाई ते त्याच्यामुळं." ते तनुजाकडे न बघता बोलत होते. आणि मग त्यांचा आवाज पहिल्यांदा कापला. "आन पहिलं जे बसंल, जागा त्याची."

उमाबाईंनी तोंडाला पदर लावला.

"असलं काही नसतं, अप्पा," तनुजा म्हणाली. "मला काही होत नाही. आत्ता जाऊन भरून टाकू."

"तू बसलेली असताना कशी भरू?" अप्पा म्हणाले. ती तर इथे ओसरीवर होती, मग ते असं का म्हणतात, तिला कळेना. पण त्यांच्या डोळ्यांसमोर तो फोटो होता, आणि त्या फोटोवर ज्वारी ओतायला त्यांचा हात उचलणार नव्हता. ते उठून आत गेले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. जेवायला उठले नाहीत.

तनुजा लॅपटॉप घेऊन अंगणात आली. खोली उघडली. लपवलेला राक्षस कोनाड्यात येऊन बसला. त्याच्या अंगावर केस होते, गुडघे पसरलेले होते, आणि खेळणाऱ्याने त्याला काठीने मारत मारत तिथंच लोळवायचं होतं. हे तिनेच केलं होतं, काल, गाणं गुणगुणत. तिने सरांना फोन लावला.

"ती खोली देता येणार नाही, सर. ती कोणाची तरी आहे."

"परवानगी घेऊ की. मालक कोण आहे?"

"माझे वडील."

"मग प्रश्नच मिटला."

समाधी म्हणजे काय हे पुण्याच्या त्या काचेच्या केबिनमध्ये कसं पोचवायचं, ते तिला सुचेना. शेवटी ती एवढंच म्हणाली, की मी ती पुसतेय, तुमच्याकडची प्रतही कृपा करून पुसा. सर आधी हसले, मग चिडले, मग म्हणाले, तुझ्यासारख्या मुलीकडून ही अपेक्षा नव्हती. फोटो पुसतो, पण सोमवारी लेव्हल दुसऱ्याकडे जाईल. तिने खोली पुसली. राक्षस पुसला. फोटो पुसला. वाईट वाटलंच. इतक्या वर्षांनी हाताशी आलेला घास होता, आणि आत भिंतीकडे तोंड करून पडलेल्या अप्पांना यातलं काही कळणारही नव्हतं.

सकाळी ती उठली तेव्हा अप्पांचं अंथरूण रिकामं होतं.

"शेतात गेले," उमाबाई चुलीपुढून म्हणाल्या. "आंघोळ केली, इभूत लावली आन गेले. माझ्याशी बोलले बी न्हाईत."

तनुजा चप्पल न घालताच निघाली. आधी चालत, मग पळत. ढीग ताडपत्रीखाली तसाच होता. शिळा बाजूला होती. पेवाच्या तोंडापाशी अप्पांच्या वहाणा नीट जोडून ठेवलेल्या होत्या.

तिने गुडघे टेकून आत पाहिलं. कोवळं ऊन पायऱ्यांवरून थेट आत उतरलं होतं आणि समोरच्या कोनाड्यात अप्पा बसले होते. मांडी घातलेली, पाठ भिंतीला, कपाळावर विभूतीचे पट्टे, डावा तळहात छातीसमोर, त्यावर लिंग. डोळे मिटलेले. पाठ भिंतीला बरोब्बर टेकली होती, डोकं कमानीखाली बरोब्बर आलं होतं.

"अप्पा."

ते हलले नाहीत.

"अप्पा!" ती पायऱ्या उतरली, एका पायरीवरून घसरली, कोपर खरचटलं. त्यांच्यासमोर पोचली, पण हात लावायची हिंमत होईना. गार लागलं तर?

"ओरडू नको," अप्पा डोळे न उघडता म्हणाले. "पूजा चालू हाय."

ती मटकन खाली बसली. अप्पांनी पूजा सावकाश पुरी केली, लिंग कपाळाला लावून परत गळ्यातल्या वस्त्रात बांधलं आणि मग तिच्याकडे पाहिलं.

"झाली जागा माझी. वापस घेतली तुझ्याकडून," ते म्हणाले. "आता भरा म्हनावं सटवाजीला."

"जागा माणूस मागते म्हणालात ना तुम्ही? मग तुम्ही कशाला बसलात?"

"मागू दे की. माझंच नाव हाय तिच्यावर. तुझं कशाला राहू देऊ?"

ज्याच्या भीतीने या माणसाने तीन वर्षं तळ झाकून ठेवला, त्याच तळावर तो आज आंघोळ करून येऊन बसला होता.

"रडू नको. आलीस तर नीट बघून घे," अप्पा म्हणाले. "असं बसवायचं. तोंड उगवतीला. मान पडती, म्हनून मागून आधार द्यायचा. डाव्या हातात लिंग. बघितलीस?"

"वर चला, अप्पा."

"बघितलीस का?"

"बघितलं."

"सांग मग."

तिने सांगितलं. तोंड उगवतीला. मानेला मागून आधार. डाव्या हातात लिंग. मग तिने आपणहून पुढचं सांगितलं, की काकाच्या वेळी मी बोलायला हवं होतं, तुमच्या वेळी बोलेन, कोणी काही म्हटलं तरी गावीच आणीन. अप्पा ऐकत होते.

"पोरीनं आत उतरावं का न्हाई, जंगमाला इचारतो मी," ते शेवटी म्हणाले. "न्हाई म्हनला तर दुसरा जंगम बघू."

मग ते उठायला गेले, आणि उठता येईना. कितीतरी वेळ मांडी घातलेली होती. गुडघे धरले होते. त्यांनी भिंतीवर हात टेकून पाहिला, पुन्हा बसले, आणि ओशाळून हसले. तनुजा कोनाड्यात वाकली. दोन्ही हात त्यांच्या काखेखालून घातले आणि त्यांची मान आपल्या खांद्यावर घेतली. त्यांच्या अंगाला विभूतीचा आणि ज्वारीचा वास येत होता. अप्पा किती हलके झालेत, हे तिला आज कळलं.

ती त्यांना उचलू लागली.

"हळू," अप्पा तिच्या कानाशी म्हणाले. "घाई न्हाई."